बाल्कनीतला पालक: पहिले वीस दिवस सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत सहाव्या मजल्यावर दक्षिणेकडे तोंड असलेली बाल्कनी, त्यात दोन फूट बाय एक फुटाचे दोन ट्रे. ऑगस्टमध्ये पेरलेला पालक छान उगवला आणि चार दिवसांत मुळाशी बारीक होऊन आडवा झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा पेरला, तर निम्माही उगवला नाही. जो उगवला त्याची पानं तीन बोटांएवढी होताहोताच पिवळी पडली. माती नर्सरीतली लाल, सोबत घरचं कंपोस्ट आणि थोडं कोकोपीट. पाणी रोज दोन वेळा. आता नोव्हेंबर अर्धा उलटलाय. पुन्हा पेरावं का, आणि कसं?

जरूर पेरा, आत्ताच पेरा. ठाणे-नवी मुंबईत पालकाला याहून चांगले दिवस नाहीत. पण जुनी पिवळी रोपं जगवत बसू नका, उपटून टाका. पालकाची पहिली कापणी पेरल्यापासून ३० ते ३५ दिवसांत येते. टोमॅटो किंवा वांगं सुरुवातीला रखडलं तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत सावरतं, पालकाकडे तेवढा वेळच नसतो. पहिल्या वीस दिवसांत रोप खुंटलं की ते पुढे एकतर बारीकच राहतं किंवा पानं धरण्याऐवजी दांडा काढतं. तुमचे तीनही दोष, म्हणजे रोपं कोलमडणं, विरळ उगवण आणि पिवळेपणा, याच वीस दिवसांतले आहेत आणि तिघांची कारणं वेगवेगळी आहेत.

बियाणं कोणतं, ते आधी पाहा

पालक या नावाने दोन वेगळ्या वनस्पतींचं बी विकलं जातं. आपल्या बाजारात जुडीने मिळतो तो देशी पालक, हा बिटाच्या कुळातला. दुसरा विलायती पालक, थंड हवेतला, सुरकुतलेल्या किंवा गुळगुळीत जाड पानांचा. पाकिटावर इंग्रजीत दोन्हींना एकच नाव असतं, त्यामुळे बी हातावर घेऊनच ओळखावं. देशी पालकाचं बी खडबडीत, ओबडधोबड, बुचासारखं हलकं असतं. खरं तर ते एक बी नसतं, दोन-तीन बिया एकत्र चिकटलेला गोळा असतो. विलायतीचं बी सुटं असतं, गोल गुळगुळीत किंवा काटेरी.

आपल्या हवेत देशीच घ्या. दिल्लीच्या पुसा संस्थेचे ऑल ग्रीन आणि पुसा ज्योती, बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का अनुपमा, हे सगळे देशी गटातले वाण आहेत आणि परत परत कापायला चांगले. विलायती पालकाचं बी माती तिशीच्या वर तापली की उगवायचंच नाकारतं. ऑक्टोबर हीटमध्ये ३४-३५ अंशांवर, उन्हाने तापलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये तुमचं निम्मं बी का उगवलं नाही, याचं पहिलं संशयित कारण हेच. विलायती लावायची हौस असेल तर डिसेंबर-जानेवारीतच लावा. बी ओल्या कापडात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस ठेवा आणि मगच पेरा.

दुसरं कारण जुनं बी. कोकणपट्टीच्या दमट हवेत उघडं पाकीट एका पावसाळ्यात निकामी होऊ शकतं. पेरण्याआधी २० बिया ओल्या टिश्यू पेपरवर झाकून ठेवा. आठ दिवसांत १४-१५ तरी फुटल्या पाहिजेत. दहाच्या आत फुटल्या तर नवीन पाकीट आणा. उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवावं.

देशी बी पेरण्याआधी रात्रभर, १० ते १२ तास भिजवावं आणि मध्ये एकदा पाणी बदलावं. त्या बुचासारख्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती पाण्यात उतरून जातात. मात्र बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे. ते स्वयंपाकाच्या भांड्यात भिजवू नका. भिजवल्याने औषधही धुऊन जातं, तेव्हा असं बी तसंच पेरा.

जागा आणि ऊन

दक्षिणेची बाल्कनी ही हिवाळ्यातल्या पालकासाठी उत्तम जागा. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो, म्हणून ऊन वरच्या मजल्याच्या स्लॅबखालून आत शिरतं. मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो आणि त्याच बाल्कनीत दुपारी थेट ऊन जवळजवळ येत नाही. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळाभर ऊन नसतं, तिथे पालक लावू नये. रोपं उजेडाकडे लांबट वाढतात आणि पानं पातळ राहतात.

समोर दुसरा टॉवर असेल तर दिशेवर विसंबू नका. सुट्टीच्या दिवशी ट्रेच्या जागेवर ऊन किती वाजता येतं आणि कधी जातं ते पाहा. चार तास पुरतात, पाच-सहा मिळाले तर उत्तम. पश्चिमेचं दुपारचं ऊन असेल तर नोव्हेंबर अखेरपर्यंत आणि फेब्रुवारीनंतर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लागते. ट्रे भिंतीला टेकवू नका. तापलेली भिंत संध्याकाळीही माती गरम ठेवते, आणि पालकाला पानावरच्या उन्हापेक्षा मुळाशी तापलेली माती जास्त बाधते.

वजनाचाही विचार हवा. तुमच्या मापाचा ट्रे आठ इंच भरला की त्यात ३६ लिटर मिश्रण बसतं, आणि भिजल्यावर त्याचं वजन ४० किलोच्या आसपास जातं. असे ट्रे खिडकीच्या ग्रिलवर ठेवू नयेत, बाल्कनीच्या जमिनीवरच, दोन विटांवर उचलून ठेवावेत. विटांमुळे खालची भोकं मोकळी राहतात आणि खालच्या मजल्यावर गळतीची तक्रारही होत नाही, फक्त खाली पसरट थाळी ठेवा.

मातीचं मिश्रण

पिवळेपणाचं मूळ मला इथेच दिसतं. नर्सरीतली लाल माती भिजली की चिकट होते, वाळली की विटेसारखी घट्ट. शिवाय कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि पालकाला आम्ल माती मानवत नाही. त्याला सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप) ६ ते ७ हवा, थोडा वर गेला तरी चालतो.

एका ट्रेला १४ लिटर माती, ११ लिटर पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, ११ लिटर भिजवून पिळलेलं कोकोपीट, १५० ग्रॅम निंबोळी पेंड. लाल माती असेल तर २० ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट मिसळा. पानाला लावायचा चुना इथे वापरू नका, तो फार तीव्र असतो. अंड्याची टरफलं इतकी सावकाश विरघळतात की या हंगामाला त्यांचा उपयोग होत नाही. चुना घालण्याआधी मातीचा चमचाभर नमुना घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर तिच्यात सिमेंटचा चुरा, म्हणजे बांधकामाचा राडारोडा आहे. आपल्याकडे फुकट मिळणाऱ्या मातीत हा हमखास निघतो. अशा मातीत चुना तर नकोच, ती मातीच बदला. रस्त्याकडेची, रुळांलगतची, नाल्याकाठची किंवा कारखान्याजवळची मातीही आणू नका. पालेभाज्या जमिनीतलं कॅडमियमसारखं जड धातूंचं विष पानात साठवतात, आणि ते धुऊन किंवा शिजवून जात नाही.

कोकोपीटची वीट स्वस्तातली असेल तर तिच्यात मीठ असतं. भिजवा, पिळा, पाणी फेका, असं दोन-तीनदा करून मगच मिसळा.

आता घरचं कंपोस्ट. वरून काळंभोर दिसणारं कंपोस्ट आतून कच्चं असू शकतं. मूठभर ओलसर कंपोस्ट प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पावसाच्या मातीचा वास आला तर तयार आहे. आंबूस किंवा नाकाला झोंबणारा वास आला तर अजून महिनाभर कुजू द्या. कच्चं कंपोस्ट कुजताना त्यातले जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, आणि नत्राशिवाय पालक पिवळा पडणारच. त्याच कच्च्या खतात रोपं कोलमडवणारी बुरशीही पोसली जाते.

पिवळेपणा नेमका कसला ते पानं सांगतात. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी आणि वरची फिकट हिरवी, तर नत्र कमी आहे. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही, म्हणजे माती चुनखडीची आहे किंवा सतत चिखल राहतोय. पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरी पापडी धरली, तर क्षार साठले आहेत. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांना खाडीकाठच्या भागांत हे बघायला मिळतं. वाढलेला देशी पालक खारेपणा बराच सोसतो, पण उगवणीला तो चालत नाही. पहिले वीस दिवस तरी नळाचंच पाणी द्या. आणि रोप उपटून मुळं पाहा. पांढरी असतील तर खत द्यायचं, तपकिरी आणि मऊ असतील तर पाणी कमी करायचं. रोज दोन वेळा पाणी आणि चिकट लाल माती हे लक्षात घेता, तुमच्याकडे मुळं तपकिरी निघतील असं वाटतं.

पेरणी आणि विरळणी

मिश्रण भरल्यावर पाणी घालून आठवडाभर तसंच बसू द्या, चुना घातला असेल तर दोन आठवडे. ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पावडर मिळाली तर याच वेळी किलोभर ओलसर कंपोस्टात १० ग्रॅम मिसळून वरच्या थरात घाला. रोपं कोलमडण्यावर घरच्या बागेत यापेक्षा चांगला उपाय नाही.

ट्रेच्या लांबीत चार-चार इंचांवर तीन ओळी ओढा, सव्वा सेंटिमीटर खोल. बी एक-एक इंचावर टाका, बारीक कंपोस्टने झाका, हाताने हलकं दाबा. फेकून पेरू नका. तसं केलं की मधली रोपं दाट होतात, हवा खेळत नाही आणि विरळणी करताना हात जात नाही. झारीने पाणी देऊन ट्रेवर ओलं गोणपाट किंवा वर्तमानपत्र टाका. पाचव्या दिवसापासून रोज उचलून पाहा आणि पहिला हिरवा ठिपका दिसताच ते काढून टाका. एक दिवसही उशीर झाला तर रोपं लांबतात. देशी पालक साधारण आठ ते दहा दिवसांत पूर्ण उगवतो.

ऑगस्टमधली रोपं ज्याने गेली तो हाच टप्पा. जवळून पाहिलं असतं तर मातीला टेकलेला देठ पाणचट, मग दोऱ्यासारखा बारीक झालेला दिसला असता, वरची पानं मात्र अजून हिरवी. हा बुरशीचा मर रोग. पावसाळ्यातली दमट हवा, दाट पेरणी आणि संध्याकाळी दिलेलं पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तो येतोच. आडवं झालेलं रोप पुन्हा उठत नाही. त्याच्या आसपासची दोन इंचांतली रोपं मातीसकट काढा, पाणी दोन दिवस थांबवा आणि ट्रे वाऱ्याच्या जागी हलवा. बाकीची वाचतात.

उगवणीनंतर पाणी दिवसातून एकदा, सकाळी, बुडाशी. बोट एक इंच खुपसून पाहावं, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. डिसेंबरात दोन दिवसांतून एकदा पुरतं. दुपारी पानं माना टाकतात आणि ऊन उतरताच ताठ होतात, त्याला तहान समजू नये. संध्याकाळी सातलाही माना खाली असतील तरच पाणी कमी पडतंय.

आता विरळणी. लोकांचा हात इथेच अडतो, आणि पालक बारीक राहण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. एका गोळ्यातून दोन-तीन रोपं येतात, म्हणजे इंचाला एक बी टाकलं तरी इंचाला दोन-तीन रोपं होतात. खरी पानं दोन आली, साधारण बारा ते चौदा दिवस झाले, की प्रत्येक पुंजक्यातलं सर्वांत जोमदार एकच रोप ठेवून बाकीची कात्रीने मातीलगत कापा. उपटू नका, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात आणि ठेवायचं रोपही हलतं. पुढच्या आठवड्यात ओळीत तीन-तीन इंचांवर एक रोप राहील इतकी दुसरी विरळणी करा. ट्रेमध्ये शेवटी चोवीस रोपं राहिली पाहिजेत. डोळ्यांना ट्रे रिकामा वाटतो, पण हीच चोवीस रोपं महिन्याभरात माती झाकून टाकतात. कापलेली कोवळी रोपं धुऊन वरणात किंवा थालीपिठात घाला, वाया काहीच जात नाही.

खत आणि कापणी

मिश्रण वर सांगितल्याप्रमाणे असेल तर पहिल्या कापणीपर्यंत वेगळं खत लागत नाही. प्रत्येक कापणीनंतर मात्र द्यावंच लागतं, कारण आपण पानांबरोबर नत्र घेऊन जातो. ओळींच्या मधोमध दोन मुठी गांडूळखत पसरून माती खुरप्याने हलवा. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेलं द्रवखत) असेल तर ते दहापट पाण्यात पातळ करून द्या. युरिया वापरायचाच असेल तर लिटरला १ ग्रॅम, एका ट्रेला एक लिटर, तेही ओल्या मातीत. जास्त दिला तर पानं गडद, लुसलुशीत होतात आणि त्यावर मावा तुटून पडतो. कमी उजेडाच्या बाल्कनीत जास्त नत्र दिलं की पानात नायट्रेटही साठतं. दिवसभराच्या उजेडात ते कमी होत जातं, म्हणून त्याच संध्याकाळी शिजवायचा पालक दुपारनंतर कापावा. फ्रिजमध्ये ठेवायचा असेल तर सकाळी कापा, पानं ताठ राहतात.

पानं वीतभर झाली की कापणी करा. दोन पद्धती आहेत. थोडाच लागतो तेव्हा बाहेरची मोठी पानं देठासकट खुडायची, मधली चार-पाच ठेवायची. सगळा कापायचा तर मातीपासून दोन इंच वर धारदार कात्रीने. मधला कोंब, जिथून नवी पानं फुटतात, त्याला कात्री लागता कामा नये. कोंब कापला गेला की पुन्हा फुटवा उशिरा आणि विरळ येतो. पुढची कापणी १५ ते २० दिवसांनी. अशा चार-पाच कापण्या मिळतात.

अपेक्षा मात्र खरी ठेवा. एका ट्रेमधून एका वेळी साधारण एक लहान जुडी निघते. चार माणसांच्या घरात आठवड्याला एकदा पालकाची भाजी हवी असेल तर तीन ट्रे लागतात, आणि ते एकाच दिवशी न पेरता बारा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावे लागतात. तुमचे दोन आहेत, तेव्हा एक आत्ता, दुसरा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी घरचा आहे म्हणून रोज खाऊ नये, त्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं.

काय काय येतं त्याच्यावर

सर्वांत आधी येतात कबुतरं. ती कोवळी रोपं खुडतात, माती उकरतात आणि विष्ठा टाकतात. पालेभाजीवर विष्ठा पडणं फार वाईट, तेव्हा पेरल्या दिवसापासून ट्रेवर बारीक जाळीची कमान हवी. बाल्कनीला कबुतरजाळी असेल तर प्रश्न मिटला.

मावा पानाच्या मागे, देठाजवळ झुबक्याने बसतो. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेच जातो. न गेल्यास लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली द्रव साबण घुसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या मागच्या बाजूने फवारावं. त्यानंतर आठवडाभर कापू नका, कडू लागतो. नागअळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये पांढऱ्या नागमोडी रेघा काढते. पान उजेडासमोर धरलं तर रेघेच्या रुंद टोकाशी बारीक पिवळसर अळी दिसते. तिथेच चिमटीत चिरडा, किंवा ते पान तोडून फेका. ती पापुद्र्याच्या आत असल्याने वरच्या फवारणीला सहसा दाद देत नाही. मधे राखाडी आणि कडेला तांबूस असे गोल ठिपके दिसले तर तो सर्कोस्पोरा बुरशीचा रोग. तो पाण्याच्या उडणाऱ्या थेंबांतून पसरतो, तेव्हा ठिपक्यांची पानं काढा आणि पाणी पानांवर घालणं बंद करा. पावसाळ्यात हा रोग आवरता येत नाही, म्हणूनच जून ते सप्टेंबर पालक लावू नये असं मी सांगेन.

शेवटची पेरणी जानेवारी अखेर. मार्चमध्ये ऊन तापलं की मधूनच जाड दांडा वर येतो, पानं टोकदार आणि लहान होतात, चव उग्र लागते. तो दांडा खुडून उपयोग नाही, रोप काढून टाका. ट्रेमधली माती उलटून चार-पाच दिवस उन्हात वाळवा, दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक तृतीयांश नवं कंपोस्ट मिसळा आणि त्यात मायाळू लावा. बाजारातल्या जुडीतली वीतभर काडी खोचली तरी धरते, उन्हाळा आणि पाऊस दोन्ही झेलते, आणि भजी किंवा डाळभाजी करायला पालकाची उणीव भासू देत नाही. फक्त वेल चढायला दोरी आत्ताच बांधून ठेवा.